मुठीतली तेंदूपाने

वाचकहो, हे कपोलकल्पित नव्हे. माझ्या डोळ्यांदेखत घडलेले आहे.

रात्र नव्हती. स्मशान नव्हते. मे महिन्यातील भर दुपार होती आणि स्थळ होते चंद्रपुरातील एका महाविद्यालयाचे ग्रंथालय.

आमच्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात भूतखेत, अंगारा-धुपारा यांस थारा नाही. मी, सोमाजी, ऊर्जानगरात सायकली दुरुस्त करतो. भूत मी आजही मानत नाही.

तरीही लिहितो. घडले ते घडले.

माझी भाची संघप्रिया समाजशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण मीराबाई, विडीसाठीची तेंदूपाने तोडताना वाघाच्या हल्ल्यात गेली. मुलीने विषय तोच घेतला : अशी बाई गेल्यावर तिच्या घराचे पुढे काय होते?

मार्गदर्शक म्हणाले, "यावर पूर्वीचे संशोधनच नाही. उद्याच्या बैठकीत आधार दाखव, नाहीतर विषय बदल."

म्हणून आम्ही तेथे बसलो होतो.

"बाईसाहेब, या ज्ञानमंदिरात आम्हांस क्षणभर आश्रय द्यावा," मी ग्रंथपाल नंदिनीबाईंना म्हणालो.

"सोमाजीभाऊ, तुमी तं साहेबाहूनबी जड बोलता! बसा, मी जेवून येते." त्या हसत गेल्या. दार ओढले गेले.

संघप्रिया संगणकावर इंग्रजी शब्द टाकून शोधनिबंध धुंडाळत होती. विषयांच्या यादीत फक्त समाजशास्त्रापुढे खूण होती.

"मामा, काईच नाई सापडून राह्यलं."

"दुसऱ्या शास्त्रांत पाहू नकोस. सायकलवाल्याने ट्रॅक्टर खोलू नये," मी गंभीरपणे म्हणालो.

इतक्यात वीज गेली. पंखा थांबला. संगणक तेवढा बॅटरीवर चालू राहिला.

आणि मग...

सर्र... सर्र...

पानावर पान रचून पुडा बांधताना होतो, तोच आवाज.

खोलीत आम्ही दोघेच होतो.

पाठोपाठ वास आला... हिरव्या, नुकत्याच तोडलेल्या तेंदूपानांचा.

"मामा, तुमी हात लावला का?"

"मी तर भिंतीशी उभा आहे. का?"

तिने पडद्याकडे बोट दाखवले. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. यादीत आपोआप खुणा उमटत होत्या.

वने...

कायदा...

वैद्यक...

मी ओरडलो, "कोण असेल त्याने समोर यावे! आम्ही भिणाऱ्यांपैकी नव्हे!"

आवाज थांबला.

पडदा निबंधांनी भरला. वनवाल्यांनी हल्ल्याच्या जागा लिहिल्या होत्या. कायदेवाल्यांनी वारसांचे वाद लिहिले होते. डॉक्टरांनी जखमा लिहिल्या होत्या.

त्यातला एक निबंध संघप्रिया मला मराठीत सांगू लागली आणि तिचा आवाज चिरकला.

"मामा... नाव नाई लिहिलं. पण लिहिलं आहे, बाईची उजवी मूठ शेवटपर्यंत उघडता आली नाई. मुठीत तेंदूची पानं होती."

माझ्या बहिणीची मूठ आम्हांलाही उघडता आली नव्हती. ती पाने तिच्यासोबतच जळाली.

पोरीने डोळे पुसले.

"मायच्या जखमेचं माप घेतलं यायनं. तिच्या घरी कोण उपाशी निजलं, ते नाई इचारलं. आता पाहतेच, कोण विषय बदलाले लावते!"

वीज आली. तेव्हा दिसले...

कळफलकावर तेंदूची ताजी डहाळी पडली होती. खिडक्या बंद होत्या. आवारात तेंदूचे एकही झाड नाही.

आमच्याकडे वाघाने माणूस मारलेल्या जागी येणारा-जाणारा एक डहाळी टाकतो. ती चुकवून कोणी पुढे जात नाही.

ती जागा तर जंगलात होती. मग येथे डहाळी कोणी टाकली?

मी बाहेर गेलो, कडुनिंबाची डहाळी तोडून आणली आणि त्या तेंदूच्या डहाळीशेजारी ठेवली. जेवून परतलेल्या नंदिनीबाईंनी पाहिले. त्याही आमच्या झाडीपट्टीच्याच, ही रीत जाणणाऱ्या. काही न विचारता त्यांनीही एक आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी संघप्रियाने ते सगळे निबंध बैठकीपुढे मांडले. विषय बदलला नाही.

भूत मी मानत नाही. मात्र पोर घरी लिहायला बसली की अजूनही मध्येच पंखा बंद करते आणि कान देते.

परवा मीही ऐकले...

सर्र... सर्र...