बाळाला उठवू नका!

"उद्या रात्री मी माझ्या स्वतःच्या पलंगावर! आणि माझ्या नाकाशी कुणाचेही पाय नसणार!" विग्गो गवतात लोळत ओरडला.

"हळू बोल ना, गाढवा!" सिल्येने त्याचं तोंड दाबलं. "बाबा बाळाला घेऊन येतोय. वाल्दे उठला तर तो तुला समुद्रात बुडवेल."

"बुडवू दे. निदान तिथे झोप तरी मिळेल!"

थीरा खुसूखुसू हसली. सिल्ये तेरा वर्षांची, विग्गो तिचा धाकटा भाऊ आणि थीरा त्यांची मावसबहीण. सगळे एकाच मोटारीत कोंबून घेऊन नॉर्वेचे डोंगर, फिनलंडची तळी आणि स्वीडनची जंगलं पालथी घालून आले होते. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला घरी परतण्याआधी शेवटच्या दोन दिवसांसाठी त्यांनी या चिमुकल्या बेटावर तंबू ठोकला होता. मोटार पलीकडे मुख्य भूमीवरच ठेवली होती, कारण बेटावर मोटारींना बंदी. आणि या अख्ख्या सहलीचा राजा होता सिल्येचा आठ महिन्यांचा भाऊ वाल्दे! फिनलंडमध्ये त्याला दात येऊ लागले आणि तेव्हापासून त्याने कुणाच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. म्हणून तंबूत सध्या एकच कायदा होता: झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही!

आई तर सकाळीच सायकल घेऊन बेटाच्या दुसऱ्या टोकाला, दीपगृहाकडे पळाली होती. "संध्याकाळपर्यंत मला कुणीही शोधायचं नाही," असं बजावून.

एवढ्यात बाबा निळी बाबागाडी ढकलत चढ चढून आला. फेरीबोटवाले धक्क्यावर अशा बाबागाड्या वापरायला देत. सगळ्या निळ्या, सगळ्यांवर पांढरी जाळी. परत जाताना पलीकडच्या धक्क्यावर उतरलं की गाडी परत द्यायची. बेकरीसमोर त्या ओळीने उभ्या असत, जाळीखाली बाळं झोपलेली आणि आईबाप आत कॉफी पीत बसलेले. बाहेरच्या गार हवेत बाळ झोपतं तसं घरात झोपत नाही, हे इथल्या आज्यांचं वेदवाक्य. ते खोटं म्हणायची कुणाची छाती नाही.

"काय झोपलाय माझा पठ्ठ्या!" बाबा कुजबुजला. "कॉफी झाली, दालचिनीचा पाव झाला, एका बोडिल नावाच्या बाईंशी पोटभर गप्पा झाल्या, तरी हूं नाही की चूं नाही. त्यांचंही बाळ बाहेर असंच झोपलं होतं. त्या दुपारच्या बोटीने निघाल्यात."

त्याने गाडी बर्चच्या झाडाखाली लावली आणि गळ शोधायला तंबूत शिरला. तेवढ्यात पांढऱ्या दुलईतून एक इवलीशी मूठ बाहेर आली.

थीरा जागच्या जागी थिजली.

"सिल्ये... याचा हात बघ."

"बघितला. गोड आहे. पुढे?"

"अगं, स्वच्छ आहे! सकाळी मी वाल्देला ब्लूबेरी भरवल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते. मावशी मला केवढी ओरडली! साबणानेही डाग निघाले नाहीत!"

विग्गोचं लोळणं थांबलं. तिघांनी त्या मुठीकडे पाहिलं. गोरी, गुलाबी, नखंसुद्धा स्वच्छ!

"बाबा!" सिल्ये तंबूकडे धावली. "हा वाल्दे नाहीये!"

बाबा गळ घेऊन बाहेर आला आणि हसतच सुटला. "मग कोण आहे? डेन्मार्कचा राजा?"

"हात बघ ना त्याचे! डाग कुठे गेले?"

"तुझ्या आईने पुसले असतील. आणि जाळीला हात लावाल तर याद राखा! तो उठला तर रात्री तुम्ही तिघं त्याला खांद्यावर घेऊन फिराल. मी बांगडे पकडायला चाललो. लक्ष ठेवा."

"बाबा, एकदा फक्त बघ ना..."

पण बाबा शीळ घालत उतारावरून निघूनही गेला. थोड्याच वेळात त्याची होडी समुद्रात एवढीशी दिसू लागली. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मावशीने खरंच पुसले असतील का?" थीराने विचारलं.

"बघितल्याशिवाय कसं कळणार?" सिल्ये म्हणाली. तिने श्वास रोखला आणि जाळी उचलली. बाळाने तोंड उशीत खुपसलेलं. टोपडं पार भुवयांपर्यंत ओढलेलं, तोंडात चोखणी. झोपलेली सगळी बाळं सारखीच दिसतात! तिने दोन बोटांनी टोपडं हळूच वर सरकवलं.

वाल्देच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हते. आणि इथे टोपड्याखाली लालभडक केसांचं जावळ होतं!

विग्गोने किंकाळी फोडायला तोंड उघडलं आणि स्वतःच ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"बोडिलबाई," सिल्ये पुटपुटली. "सकाळी मी बेकरीत लाल केसांच्या एक बाई पाहिल्या होत्या. बाबाने त्यांची गाडी आणली. आणि त्या आपली घेऊन..."

खाली बंदरात बोटीचा भोंगा वाजला.

दुपारची बोट! पलीकडे त्या बाईंची मोटार उभी असणार. त्या कुठल्या गावच्या, पुढे कुठे जाणार, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आणि बाळ झोपलंय म्हणून त्या वाटभर जाळी उचलणार नाहीत!

विग्गो कॅम्पच्या कचेरीतल्या फोनकडे धावला. दाराला कुलूप! मालकीणबाई जेवायला गेलेल्या.

"पळा!" सिल्ये ओरडली.

सिल्येने दांडा धरला, विग्गो आणि थीराने दोन्ही बाजू. गाडी खडीवरून खडखडत उताराला लागली. एका वळणावर ती अशी कलली की थीराने अंगच टाकून ती सावरली. तिचे गुडघे फुटले.

"याला काही झालं तर?" ती हुंदके देत म्हणाली. "सिल्ये, मला खूप भीती वाटतेय!"

"मलाही वाटतेय! पण धावत राहा!"

"आपण याला चोरलंय असं कुणाला वाटलं तर?" विग्गोने धापा टाकत विचारलं. सिल्येने दांडा आणखी घट्ट धरला. तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: वाल्दे अनोळखी घरात जागा झालाय, रडतोय, आणि तिथे त्याला ओळखणारं कुणीच नाही.

तिघं धक्क्यावर पोचली तेव्हा बोटीची फळी वर उचललेली होती. एक दाढीवाला माणूस शेवटचा दोर सोडत होता.

"थांबवा! काका, बोट थांबवा! आमचा भाऊ आत आहे!"

"मग तो पलीकडे उतरेल आणि पुढच्या बोटीने येईल," दाढीवाला म्हणाला.

"तो आठ महिन्यांचा आहे! बाळांची अदलाबदल झालीय!"

"काल माझ्या दोरांना शेवाळ कुणी बांधलं होतं? तुम्हीच ना? आज नवी गंमत! चला, बाजूला व्हा."

दोर पाण्यात पडला. बोटीमागे पाणी घुसळू लागलं. आणि मागच्या डेकवर, निळ्या बाबागाडीशेजारी, लाल केसांच्या बोडिलबाई उभ्या होत्या!

"बोडिलबाई! जाळी उचला! जाळी!" तिघंही घसा फोडून ओरडली. बोडिलबाईंनी कानाला हात लावला, गोड हसल्या आणि जोरजोरात हात हलवू लागल्या.

"त्या आपल्याला टाटा करतायत!" थीरा रडू लागली.

धक्का आणि बोट यांच्यामधलं काळं पाणी रुंदावत चाललं. सिल्ये धक्क्याच्या टोकापर्यंत धावली. आपण ओरडून कुणी ऐकणार नाही. पोरांचं कोण ऐकतं? मग कुणाचं ऐकतील? तिने झर्रकन मागे वळून गाडीकडे पाहिलं.

"उठवा याला!"

"काय?" विग्गो किंचाळला. "कायदा..."

"खड्ड्यात गेला कायदा! रडवा याला! जितकं जोरात रडेल तितकं रडवा!"

थीराने दुलई ओढून काढली. विग्गोने तळपायाला गुदगुल्या केल्या. सिल्येने टाळ्या वाजवल्या. आणि तो बेटा? एवढ्या खडीवरून, एवढ्या किंकाळ्यांतून आला तरी कुंभकर्णासारखा घोरत पडलेला!

"ऊठ रे, बाबा! तुझी आई चालली!" विग्गोला रडू फुटलं आणि त्याने बाळाच्या तोंडातली चोखणीच उपटली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग खालचा ओठ थरथरला. नाक आक्रसलं. आणि मग असा काही टाहो फुटला की धक्क्यावरचे सगळे समुद्रपक्षी एकदम उडाले!

बोडिलबाईंचा हलणारा हात हवेतच थांबला. त्यांनी धक्क्याकडे पाहिलं. मग शेजारच्या गाडीकडे पाहिलं. तिथून तर आवाज येत नव्हता! त्यांनी जाळी फाडल्यासारखी उचलली.

त्यांची किंकाळी इंजिनाच्या आवाजावरूनही ऐकू आली. भोंगा तीनदा वाजला, बोट थरथरली आणि हळूहळू मागे येऊ लागली. दाढीवाल्याने दोर पकडायला अशी झेप घेतली की तो पाण्यातच पडायचा.

फळी खाली टेकायच्या आत बोडिलबाई उतरल्या. त्यांनी आपलं लाल केसांचं बाळ छातीशी कवटाळलं. मग एका हाताने त्यांनी तिन्ही पोरांना जवळ ओढलं आणि त्यांच्या केसांवरून नुसता हात फिरवत राहिल्या.

कप्तान स्वतः खाली आला. त्याने टोपी काढली. "इथे आम्ही एवढी मोठी माणसं होतो," तो दाढीवाल्याकडे बघत म्हणाला, "आणि डोकं चालवलं ते या तिघांनी. शाब्बास, पोरांनो!"

"माझं चुकलं," दाढीवाला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "शेवाळाचं मी विसरलो. तुम्हीही विसरा."

विग्गो डोळे पुसत हसला. थीराच्या फुटलेल्या गुडघ्यांवर कप्तानाने स्वतः पट्टी बांधली.

सिल्येला मात्र हे काही ऐकू येत नव्हतं. तिने बोटीवरून खाली आणलेल्या गाडीतून वाल्देला उचललं होतं. जांभळे हात, टक्कल, तोंडाला आंबूस दुधाचा वास. इतका वेळ न रडलेली सिल्ये आता त्याच्या मानेत तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडत होती.

तीनदा वाजलेला भोंगा ऐकून बाबाने होडी धक्क्याला आणली होती. कप्तानाकडून त्याने सगळं ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो अडखळत सिल्येजवळ आला.

"तू मला सांगत होतीस," तो म्हणाला. "दोनदा सांगितलंस. आणि मी हसलो." त्याने हात पुढे केले. "दे त्याला माझ्याकडे."

सिल्येने मान हलवली. "आत्ता नाही, बाबा. जरा थांब."

बाबाने हात खाली घेतले. तो तिच्याशेजारी ओल्या दगडावर बसला आणि थांबून राहिला.