भरत्याची हरवलेली मिनिटं

भरत्या खोटं बोलत नसे. तरीही त्या शुक्रवारी सकाळी त्याचं ऐकून निघालेला चौथीतला निहाल कमरेइतक्या पाण्यात सापडला. होडीवाल्या बाबी तांडेलांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं म्हणून बरं. दप्तर मात्र गेलं ते गेलंच.

ही गोष्ट सन २०५४ मधली. सुरंगबेट आणि किनारा यांच्यामध्ये वाळूची एक वाट आहे. ओहोटीला ती उघडी पडते, भरतीला बुडते. बेटावरची मुलं सकाळी तिच्यावरून चालत शाळेत जातात. वाटेच्या तोंडाशी गंजाचे डाग पडलेला एक रोबो उभा असतो, तो भरत्या. चंद्र-सूर्याच्या जागांवरून तो भरतीचा हिशेब करतो आणि "वाट उघडी, अजून वीस मिनिटं" असं खणखणीत आवाजात सांगतो. त्याच्या डोळ्यांची भिंगं खाऱ्या वाऱ्याने केव्हाच धुरकट झाली होती. त्यामुळे त्याची सगळी भिस्त हिशेबावर आणि घड्याळावर.

संध्याकाळी सरपंच सुनंदाकाकी भरत्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मागे अर्धा गाव होता.

"मी काय रागान नाय सांगत," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या अमावास्येक मोठा उधाण येतला. तेच्या आदी ह्येका सुदरा, नायतर बंद करूक व्हया. पोरांच्या जिवाशी खेळ नको."

"पण माझं घड्याळ बरोबर आहे," भरत्या म्हणाला. "मी तीनदा तपासलं."

लोक मान हलवत पांगले. निहाल तर त्याच्याकडे न बघताच घरी गेला. एरवी दोघांच्या गप्पा संपता संपत नसत. निहालची ताई, तेरा वर्षांची कयाधू, तिथेच थांबली. तिला भरत्याची फार दया आली. आपण खरं बोलतोय याची पक्की खात्री असावी आणि सगळ्या गावाने खोटारडं ठरवावं, याहून वाईट काय असतं?

अमावास्या दहा दिवसांवर होती. कयाधूने आधी एक साधं काम केलं. भरत्या कोणत्या दिवशी किती चुकला, ते लोकांना विचारून वहीत लिहून काढलं. लख्ख उन्हाच्या दिवसानंतर त्याची चूक एका मिनिटानेही वाढली नव्हती. आभाळ भरलेलं असलं की दुसऱ्या सकाळी मात्र आणखी दहा-बारा मिनिटं मागे. दर सोमवारी तिचे आजोबा त्याचं घड्याळ हाताने जुळवत, की पुन्हा सगळं ठीक. आता ढगांचा आणि घड्याळाचा काय संबंध, ते तुम्हीच सांगा. कयाधूलाही सांगता आलं नाही. वही घेऊन ती आजोबांकडे गेली.

आजोबांनी, म्हणजे रघुवीर केळुसकरांनी, तीस वर्षं कर्नलवर काम केलं होतं. कर्नल (संगणकाचा गाभा; कुठल्या प्रोग्रॅमला किती जागा आणि किती वेळ द्यायचा हे ठरवणारा मुख्य प्रोग्रॅम) हा त्यांचा इतका आवडता विषय, की घरातले लोक त्यांच्यासमोर तो शब्द काढायला घाबरत. वही त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "चल, समाजमंदिरात जाऊ."

समाजमंदिरात बेटाचा एकुलता एक मोठा संगणक होता आणि तो छतावरच्या सौर पट्ट्यांवर चालायचा. भरत्याच्या पोटातला संगणक गंजून मेला, तेव्हा आजोबांनी त्याचा सगळा प्रोग्रॅम उचलून इथे ठेवला होता, एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक). वाटेवरचा रोबो आता इथूनच बिनतारी चालायचा.

"हे घर समज," आजोबा संगणकावर हात ठेवून म्हणाले. "कर्नल हा यजमान. इथे तीन पाहुणे राहतात. एका खोलीत दवाखान्याच्या नोंदी, दुसरीत मच्छीमारांचं हवामान, तिसरीत भरत्या. प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच. बाकीचे आहेत याचा पत्ताच नाही, कारण खोल्यांना खिडक्या नाहीत."

"आणि घड्याळ?"

"तेही यजमान देईल तेच. बघ आता." त्यांनी माइकवर सांगितलं, "भरत्या, दहापर्यंत आकडे म्हण पाहू."

"एक, दोन, तीन, चार," संगणकातून भरत्याचा आवाज आला. आजोबांनी संगणक झोपवायची कळ दाबली. आवाज तिथेच थांबला. आजोबांनी डबा उघडला आणि दोघांनी शांतपणे दोन-दोन पोळ्या खाल्ल्या, हात धुतले. मग त्यांनी पुन्हा कळ दाबली.

"पाच, सहा, सात," भरत्या पुढे म्हणाला. दहा झाल्यावर त्याने विचारलं, "बरोबर म्हटले ना?"

"भरत्या," कयाधूने विचारलं, "तुला मध्ये काही जाणवलं?"

"मध्ये म्हणजे कधी?"

 बिचाऱ्याला आपण झोपलो होतो हेच ठाऊक नव्हतं. आता ढगांचं कोडंही तिला उलगडलं. ढगाळ दिवशी बॅटरी पुरती भरत नाही. मग सकाळी ऊन यायच्या आधी वीज वाचवायला यजमान घरभर दिवे मालवून थोडा वेळ झोपतो, आणि त्याच्याबरोबर पाहुणेही झोपतात. यजमान उठल्यावर भिंतीवरच्या खऱ्या घड्याळात बघून आपली वेळ सुधारतो. पाहुण्याला मात्र कुणीच सांगत नाही. तो तुटलेल्या वाक्यापासून पुढे सुरू.

"मग भरत्यालाच बाहेर वेळ विचारायला शिकवू."

"त्याचा मूळ प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी केव्हाच बंद पडली. तो उघडून बदलता येत नाही. सुधारायचं तर यजमानाला सुधारायला हवं. त्यासाठी पॅच लिहावा लागेल (पॅच म्हणजे आधीच्या प्रोग्रॅममधल्या नेमक्या कोणत्या ओळी काढायच्या आणि कोणत्या घालायच्या, हे सांगणारा छोटा मजकूर). लिहिशील?"

कयाधू गेली दोन वर्षं आजोबांकडे हेच तर शिकत होती. तीन दिवस खपून तिने अकरा ओळींचा पॅच लिहिला. यजमान झोपायच्या आधी सेकंद मोजणाऱ्या एका गणकातला आकडा टिपून ठेवेल, उठल्यावर पुन्हा बघेल, आणि जितका फरक तितकं पाहुण्याचं घड्याळ पुढे सरकवेल. मग तिने चाचणी घेतली. संगणक दहा वेळा झोपवला, दहा वेळा उठवला. भरत्याच्या खोलीतल्या चाचणीच्या प्रोग्रॅमने दहाही वेळा उत्तर दिलं, फरक शून्य.

"आता हा आपल्या संगणकात कायमचा घालू या," ती म्हणाली.

"घाई नको. हा कर्नल जगभर चालतो आणि कुणालाही वाचता येतो. त्यावर काम करणाऱ्यांची एक पत्रयादी आहे, एक ई-मेल टाकलं की सगळ्यांना जातं. तिथे पाठव. लोक वाचतील, चुका काढतील. बेटापुरतं ठोकून दिलं तर आपली चूक आपल्याला कोण दाखवणार? आणि खाली सही तुझी हवी हं. सही म्हणजे मी लिहिलं, आणि काही बिघडलं तर मी उत्तर देईन."

कयाधूने सही केली. त्याखाली ऐटीत लिहिलं, 'चाचणी घेतली, दहापैकी दहा.'

दुसऱ्या दिवशी नैरोबीहून वांजिरू नावाच्या बाईंचं उत्तर आलं. व्हर्च्युअल मशीनच्या वेळेचा भाग त्या सांभाळत. उत्तर एवढंच होतं: 'कल्पना चांगली आहे. चाचणी घेताना तू कोणतं घड्याळ बघत होतीस? ते खोलीच्या आत होतं की बाहेर?'

कयाधूचा चेहरा उतरला. "दहापैकी दहा म्हटलंय ना मी. त्यांना काय माहीत इथे किती घाई आहे ते. पाच दिवस राहिलेत."

"त्यांनी 'चूक' म्हटलंय का कुठे? विचारलंय," आजोबा म्हणाले. "अनोळखी मुलीच्या अकरा ओळी कुणी इतकं मन लावून वाचतं, तेव्हा उत्तर तरी द्यावं."

उत्तर देण्यासाठी कयाधूने आजोबांचं मनगटी घड्याळ हातात घेतलं आणि संगणक बरोबर सात मिनिटं झोपवला. उठल्यावर चाचणीने पुन्हा सांगितलं, फरक शून्य. भरत्या मात्र मनगटी घड्याळाच्या सात मिनिटं मागे होता.

तिने पॅच पुन्हा उघडला आणि चूक दिसली. कर्नलमध्ये असे दोन गणक असतात. एक संगणक झोपला की स्वतःही थांबतो. दुसरा झोपेतली मिनिटंही धरतो. तिने पहिला निवडला होता. म्हणून उठल्यावर यजमानाला वाटलं, वेळ गेलाच नाही, मग सरकवायचं काय? आणि तिची चाचणीही भरत्याच्याच खोलीत, त्याच्याबरोबर झोपलेली. दोघं एकदम झोपले, एकदम उठले आणि एकमेकांना म्हणाले, आपली वेळ कशी छान जुळते. घड्याळ तपासायचं तर न झोपलेलं, बाहेरचं घड्याळ लागतं. भरत्याने तीनदा तपासलं होतं ते असंच.

"हे तसंच घातलं असतं," कयाधू हळू आवाजात म्हणाली, "तर उधाणाच्या दिवशी मी स्वतःच निहालला म्हटलं असतं, जा, भरत्या सुधारलाय." तिला रडू आलं. आजोबांनी तिला रडू दिलं. मग तिने डोळे पुसून पत्र लिहिलं: 'घड्याळ आत होतं. माझी चाचणी चुकीची होती. दुरुस्त करून पाठवते.'

दुसऱ्या पॅचमध्ये गणक बदललेला होता आणि चाचणी मनगटी घड्याळाने घेतलेली. वांजिरूबाईंनी अर्ध्या दिवसात उत्तर दिलं: 'आता बरोबर. पण पाहुण्याचं घड्याळ तू गुपचूप पुढे सरकवतेस. त्याला सांगतेस का? झोपायच्या आधी केलेले हिशेब तो तसेच धरून बसला तर?'

या वेळी कयाधू रागावली नाही, लगेच कामाला लागली. तिसऱ्या पॅचमध्ये यजमान पाहुण्याला निरोप देऊ लागला, तू इतकी मिनिटं झोपला होतास. भरत्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वेळ बदलल्याचा निरोप ओळखायची सोय सुदैवाने होती, आजवर तिचा कुणी वापरच केला नव्हता. अमावास्येच्या आदल्या दुपारी वांजिरूबाईंनी तिच्या सहीखाली स्वतःचं नाव घातलं: 'मी तपासलं आहे.' जगभरच्या कर्नलमध्ये तो पॅच जायला अजून दोन-तीन महिने लागणार होते. बेटावरच्या संगणकात तो त्याच संध्याकाळी गेला. दिवसभर आभाळ भरलेलं होतं.

अमावास्येला सकाळी सात वाजता मुलं वाटेच्या तोंडाशी जमली. सुनंदाकाकीही आल्या होत्या. वाळू कोरडी दिसत होती. दोन मुलांनी चपला हातात घेऊन पाऊल टाकलंसुद्धा.

"थांबा," भरत्या म्हणाला. "मी आत्ताच चौदा मिनिटं झोपलो होतो. त्या वेळात काय झालं, मला माहीत नाही. पुन्हा हिशेब करतोय. तोवर कुणी उतरू नका."

मुलं थबकली. भरत्याच्या तोंडून 'मला माहीत नाही' असं आजवर कुणीच ऐकलं नव्हतं. कयाधूने निहालचा हात घट्ट धरला.

"वाट बंद," भरत्या म्हणाला. "आठ मिनिटांत मधल्या भागावर पाणी येईल. तुम्हाला पलीकडे जायला बारा लागतात. होडीने जा."

सुनंदाकाकी समुद्राकडे बघत उभ्या राहिल्या. पाचव्या मिनिटाला दोन्ही बाजूंनी पाण्याच्या जिभा वाळूवर सरकू लागल्या, आठव्याला मधला भाग दिसेनासा झाला. काकींनी पदराने चेहरा पुसला.

"आसूं दे हयसरच," त्या म्हणाल्या. "बंद नको करूक." आणि बाबीला होडी काढायला सांगायला वळल्या.

निहाल कयाधूचा हात सोडवून भरत्यापाशी गेला. त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदाच. 

"भरत्या," त्याने विचारलं, "उद्या वाट किती वाजेपर्यंत?"

"सात वाजून सत्तावन्न मिनिटांपर्यंत," भरत्या म्हणाला. "पण मध्ये मी झोपलो, तर आधी ते सांगेन."

"बरं," निहाल म्हणाला, आणि होडीकडे पळाला.