स्टॅम्परबाईंच्या पत्रावरची सही

शेगडीत अजून एक लाकूड सरकवा, पोरांनो. आणि टायलर, तू दाराकडे बघू नकोस.

ही गोष्ट डेलमार कून्ट्झची. चर्चमागं ज्याचं औषधांचं दुकान होतं, तोच. थापा मारायचा, पण फक्त आपण धरलेल्या माशांबद्दल.

डेलमारला राष्ट्राध्यक्षांच्या सह्यांची पत्रं जमवायचा नाद. दिवाणखान्याची भिंत चौकटींनी भरलेली. गेल्या जानेवारीतला दुसरा शनिवार. रेने स्टॅम्पर नावाच्या बाईनं त्याला बोलावलं होतं. टेकडीवरच्या आत्याच्या घरी या, एक पत्र आहे, त्यावरची सही खरी की खोटी ते सांगा. बर्फातून गाडी हाकत तो पोचला तेव्हा सात वाजून गेले होते. बाहेर मिट्ट काळोख.

दार एका म्हातारीनं उघडलं.

"रेने यायचीय अजून. मी आयोला, तिची आत्या. ये रे बाबा, बूट राहू देत."

पत्र टेबलावरच होतं. तिचा मुलगा व्हिएतनामच्या लढाईत पडला तेव्हा राष्ट्राध्यक्षांकडून आलेलं. चार ओळी सांत्वनाच्या, खाली निळी सही.

"माझ्या वेंडलसाठी त्यांनी पेन हातात घेतलं," म्हातारी म्हणाली. "एवढा मोठा माणूस! घटकाभर का होईना, वेंडलचं नाव त्यांच्या मनात आलं असेल, नाही का?"

डेलमारनं पिशवीतून पारदर्शक कागद काढला. त्यावर त्याच राष्ट्राध्यक्षांची दुसरी एक सही गिरवलेली. तो कागद त्यानं पत्रावर ठेवला. रेघेवर रेघ बसली. केसाचाही फरक नाही.

तिथंच गप्प बसला असता तर! पण जाणकाराची जीभ...

"बाई, माणूस दोनदा हुबेहूब सही करत नाही. ही यंत्रानं केलेली. अशी ढिगानं पत्रं निघायची."

"म्हणजे... त्यांनी बघितलंच नाही?"

"नसावं."

"वेंडलचं नावसुद्धा?"

डेलमारनं पारदर्शक कागद परत पिशवीत सरकवला.

म्हातारीनं मान खाली घातली. खोली गार पडत गेली. त्याला स्वतःच्या श्वासाची वाफ दिसू लागली. समोर... तिच्या तोंडाशी वाफ नव्हती.

तो कसाबसा उठला. गाडीत बसला, तोच फोन वाजला.

"मिस्टर कून्ट्झ, मी रेने. माफ करा हं, रस्ता बंद आहे, मी अडकलेय. बंद दारापुढं ताटकळला असाल तुम्ही."

"तुमच्या आत्यानं घेतलं मला आत. पत्रही दाखवलं."



"आत्याला आम्ही नाताळाआधीच पुरलं," रेने हळू म्हणाली. "आणि पत्र... पत्र इथं माझ्या मांडीवर आहे."

त्यानं वळून पाहिलं. घरात दिवा नव्हता.

दुसऱ्या कुणी गाडी पळवली असती. डेलमारनं काच खाली केली आणि अंधारात ओरडला, "खोटं बोललो मी! त्यांचीच सही आहे! त्यांनी स्वतः केलीय!"

काही नाही... नुसता बर्फ पडत होता.

घरी आला. कुलूप जसंच्या तसं. दिवा लावला.

भिंतीवरच्या चौकटी जागच्या जागी होत्या. फक्त तोंडं भिंतीकडे. एकूण एक.

सकाळी त्यानं मला बोलावलं. मी स्वतः जवळ जाऊन पाहिलं. चौकटींवरच्या धुळीला कुणाचं बोटही लागलं नव्हतं.