टेकडी आळीचा हापसा आणि फायबरचा उंट

"शुक्रवारी उंट बघायला येतेस?" सोहमने विचारलं.

"बदलापुरात?" राजसीने मोबाईलमधून मान वर केली नाही.

"'प्रभाग वार्ता' उघड. पहिलीच बातमी आहे."

'प्रभाग वार्ता' म्हणजे अण्णांचं पत्रक. अण्णा पूर्वी नगरसेवक होते आणि पुढेही होणार होते. मधल्या काळात कात्रप प्रभागाने आपल्याला विसरू नये म्हणून ते रोज सकाळी सातला सगळ्यांच्या मोबाईलवर उगवत. मागच्या आठवड्यात त्यांनी एका गतिरोधकाचं भूमिपूजन केलं, परवा त्याचंच उद्घाटन केलं. गतिरोधक अजून यायचा होता.

आजची बातमी अशी होती: 'टेकडी आळीतील वापरात नसलेला मोडका हातपंप गुरुवारी काढणार. त्या जागी वाळवंटाच्या देखाव्याचा सेल्फी पॉइंट. खजुराची दोन झाडे व फायबरचा उंट. नागरिकांत आनंदाचे वातावरण.'

"नळाला पाणी चार दिवसांनी एकदा येतं," राजसी म्हणाली. "वाळवंट बघायला खास देखावा कशाला हवा? खिडकी पुरे आहे." मग तिने बातमीखालचा फोटो मोठा केला. हातपंप होता, पण त्याला दांडाच नव्हता. "सोहम, गेल्या सोमवारी क्लासला जाताना मी इथे बायकांची रांग पाहिली होती. हंडे, कळशा, सगळं घेऊन. मोडक्या हापशापुढे रांग कोण लावतं?"

"बँकेत लावतात की. मशीन बंद असलं तरी."

आठवीत जाणाऱ्या मुलीने सातवीत जाणाऱ्या मुलाकडे जसं बघावं तसं राजसीने बघितलं आणि चपला घातल्या.

भर साडेबाराच्या उन्हात दोघं टेकडी आळीत पोचली. हापसा फोटोत होता तसाच उभा होता. दांडा नाही, माणूस नाही, थेंब नाही.

"चोरी," सोहमने जाहीर केलं. "भंगारवाल्यांची टोळी असणार. आता पावलांचे ठसे शोधायचे."

"कसले ठसे शोधतोस रं?" समोरच्या दारातून आवाज आला. कौसाबाई उंबऱ्यावर पाय पसरून बसल्या होत्या, आणि शेजारी त्यांची नात गोदू चिंचा फोडत होती. गोदू दहा वर्षांची होती आणि तिला सोहमची आत्तापासूनच कीव येत होती.

"आजी, हापशाचा दांडा चोरीला गेलाय."

"चोरीला नाय गेला. माझ्या खाटंखाली हाय."

चोर इतक्या लवकर कबुली देईल याची सोहमला कल्पना नव्हती.

"उन्हाळ्यात खाली पाणी कमी असतं," गोदूने समजावलं. "सारखं हापसलं तर तासाभरात गढूळ यायला लागतं. म्हणून सकाळी दहाला आजी बोल्ट काढून दांडा घरी आणते. दुपारभर खाली पाणी साठतं. चारला दांडा परत लावायचा. आळीत बत्तीस घरं आहेत, प्रत्येकाला दोन हंडे मिळतात. भांडण नाही."

"आमच्या सासूपासनं हाच नेम हाय," कौसाबाई म्हणाल्या.

राजसीने बातमी वाचून दाखवली. कौसाबाईंनी पसरलेले पाय जवळ घेतले.

"गुरुवारी म्हंजे परवा," त्या म्हणाल्या. "मग आमी बत्तीस घरांनी काय उंट प्यायचा?"

बातमीच्या शेवटी हापशाची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव होतं. तासाभरात तिन्ही पोरं नगरपालिकेत त्याच्या टेबलासमोर उभी होती. अवधूत साहेबांच्या टेबलावर फायली होत्या, आणि त्या उडू नयेत म्हणून वर दुसऱ्या फायली ठेवल्या होत्या.

"साहेब, तुम्ही पाहणीला किती वाजता आला होतात?"

"पावणेएक. जेवायच्या आधी उरकली."

राजसीने दांड्याची सगळी हकिगत सांगितली. साहेबांनी ती शांतपणे ऐकली, कारण ते तेव्हा दुसरं काहीतरी वाचत होते.

"बाळ, अहवालाला फोटो जोडलाय. फोटोत दांडा नाही. फोटो खोटं बोलतो का?"

"बोलत नाही, पण चुकीच्या वेळी येतो."

"मग फेरपाहणीचा अर्ज करा. वीस दिवसांत येऊ."

"हापसा तर परवाच काढणार आहात ना?"

"मग काढल्यावर पाहू. मोकळ्या जागेची पाहणी पटकन होते."

तिघं बाहेर आली.

"हे आपल्यासाठी चार वाजता येणार नाहीत," राजसी म्हणाली. "अण्णांसाठी येतील. आणि अण्णा कशासाठी येतात?"

"शालीसाठी," सोहम आणि गोदू एकदम म्हणाले. कात्रपमध्ये हे बालवाडीतल्या मुलालाही ठाऊक होतं.

राजसीने फोन लावला. आवाज इतका गोड केला की सोहमने दोन पावलं मागे घेतली. "अण्णा, टेकडी आळीतल्या महिलांना पाण्याच्या प्रश्नावर तुमचा सत्कार करायचाय. उद्या साडेचारला. लाईव्ह दाखवाल ना? आणि अवधूत साहेबांनाही आणा. उंटाची कल्पना त्यांचीच ना?"

"कल्पना माझी," अण्णा दुखावल्या आवाजात म्हणाले. "पण त्यांना आणतो. टाळ्यांना माणूस लागतोच."

बुधवारी साडेचारला पांढरेशुभ्र अण्णा आले. मागे मोबाईल धरलेला कार्यकर्ता, त्याच्या मागे काखेत फाईल घेतलेले अवधूत साहेब. आळीतल्या बायका रिकामे हंडे पदराआड धरून उभ्या होत्या. एरवी चारला लागणारा दांडा आज अजून खाटेखालीच होता. कौसाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नेम अर्धा तास मोडला होता आणि त्या त्याच रागात होत्या.

"हा मेलेला हातपंप," अण्णा मोबाईलकडे बघून म्हणाले, "किती वर्षं तुमच्या वाटेत उभा आहे. एक थेंब नाही. उद्या आपण याला निरोप देणार."

"अण्णा, शालीआधी हात धुवायचे," राजसी म्हणाली. "आळीची पद्धत आहे. या इकडे."

सत्कारात जे सांगतात ते करायचं, ही अण्णांना जन्माची सवय. त्यांनी हापशाच्या तोंडाखाली हात धरले. गोदू दांडा घेऊन आली, बोल्ट बसवला आणि लोंबकळून हापसायला लागली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्याला पाणी असं धो धो आलं की अण्णांचा झब्बा कोपरापर्यंत भिजला.

कार्यकर्त्याला एकच शिकवण होती: काहीही झालं तरी शूटिंग थांबवायचं नाही. ते त्याने थांबवलं नाही.

"अण्णा, लोक विचारतायत," तो स्क्रीन बघून म्हणाला, "मेलेला कोणता? आणि आत्ता दोन हजार लोक बघतायत."

अण्णांनी ओले हात छातीवर जोडले आणि सावकाश मागे वळले. "अवधूत साहेब, या चालू हापशाला मोडका कोणी लिहिलं?"

"अण्णा, तुम्हीच तर फोनवर म्हणालात, उंटासाठी जागा..."

"आपण लाईव्ह आहोत, साहेब," अण्णा हसत म्हणाले. ते हसू बघून साहेबांनी फाईल उघडली.

टेबल नव्हतं, म्हणून कौसाबाईंनी एक हंडा पालथा घातला. त्यावर कागद ठेवून साहेबांनी लिहिलं: 'हातपंप चालू. काढण्याचा आदेश रद्द.' खाली सही, तारीख.

"वेळ पण टाका," राजसी म्हणाली. "चार वाजून चाळीस मिनिटं."

साहेबांनी वेळ टाकली. राजसीने कागदाचा फोटो काढून घेतला. अण्णांनी तिघांच्या डोक्यावर एकेक ओला हात ठेवला. "ही मुलं म्हणजे प्रभागाचं भविष्य," ते मोबाईलला म्हणाले. "असे जागरूक नागरिक घडावेत म्हणूनच मी हा कार्यक्रम ठेवला होता."

सोहम काहीतरी बोलणार होता. राजसीने त्याच्या पायावर पाय दिला.

"आजी, तुम्ही पण दोन शब्द बोला की," कार्यकर्ता म्हणाला.

कौसाबाईंनी तिन्ही पोरांकडे नीट बघितलं. "गुणाची हायत," त्या म्हणाल्या. "डोळे उघडे ठेवून चालतात. मोठी झाली का असल्या पुढारकीच्या कामाला नका लावू कोणी, वाया जातील." मग त्यांनी साहेबांच्या कागदाखालचा हंडा ओढून घेतला, सरळ केला आणि हापशाखाली ठेवला. "आता व्हा बाजूला. बत्तीस घरं थांबलीत."