दोनदा ठोकलंच नाही

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी फक्त घडलं तसं सांगतेय... कारण ते माझ्याच बाबतीत घडलंय.

मी देवयानी. आम्ही अटलांटाजवळ अल्फारेटाला राहतो. गेल्या ऑक्टोबरमधला रविवार होता. दुपारचे तीन.

माझ्या नवऱ्यानं, अवधूतनं, साठ वर्षांपूर्वीची एक व्हिंटेज गाडी घेतली होती. तिचे ब्रेक लाइट लागत नव्हते, म्हणून तो वायरिंग दुरुस्त करत होता. उजेडात लाइट कळत नाही, म्हणून गॅरेजचं दार बंद. डिकी उघडी, त्यामुळे मागचं मला काही दिसत नव्हतं.

मी ड्रायव्हरच्या सीटवर.

"एकदा ठोकलं की ब्रेक दाब. दोनदा ठोकलं की सोड," तो म्हणाला होता.

तसं चार-पाच वेळा झालं. मग बराच वेळ शांतता. मी मोबाइल बघत बसले.

ठक्...

एकदाच. मी ब्रेक दाबला. बाजूच्या आरशात मागची भिंत लालभडक झाली.

"अरे लागला! सोडू का?"



तेवढ्यात मोबाइल वाजला... अवधूतचा फोन.

"अगं, दुकानात आलोय. दोन्ही बल्ब काढून आणलेत, तसलेच शोधतोय. घरातल्या दारानं, सांगून निघालो की! तू 'हं' म्हणालीस. पोचतो दहा मिनिटांत."

बल्ब त्याच्याकडे होते.

भिंत अजून लाल होती.

मी पाय उचलायला गेले...

उचलला गेला नाही.

पावलावर कसलं तरी वजन होतं. दोन तळहातांचं. गार, थरथरणाऱ्या.

"अवधूत, लवकर ये!" मी ओरडले. पण फोन कट झाला होता. पुन्हा लावायला गेले, तर फोन हातातून निसटून सीटखाली पडला.

आणि मग आवाज आला. मागून नाही...

गाडीच्या खालून.

"डोन्ट लेट गो..."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. दम लागलेला.

"प्लीज, हनी... डोन्ट लेट गो."

तो धमकावत नव्हता हो. तो गयावया करत होता. मला रडू फुटलं. "नाही सोडत," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं.

पाय बधिर झाला. खालून श्वास ऐकू येत होता... एक. मग आणखी एक.

किती वेळ गेला, माहीत नाही.

घरर्र करत गॅरेजचं दार वर गेलं. ऊन आत आलं. पावलावरचे हात निघून गेले आणि मी दचकून पाय उचलला.

खालून एकच आवाज आला. अर्धवट श्वासाचा.

मग काही नाही.

अवधूतनं वाकून टॉर्च मारला. खाली कोणी नव्हतं. लाइटच्या जागा रिकाम्याच होत्या.

त्याला आधी पटेना. पण माझं रडणं थांबतच नव्हतं, तेव्हा त्यानं ज्या म्हाताऱ्या विधवा बाईंकडून गाडी घेतली त्यांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. 

मग त्यांनी एवढंच विचारलं,

"तुझ्या बायकोनं पाय उचलला नाही ना?"

अवधूतनं माझ्याकडे पाहिलं.

मी मानेनं नाही म्हटलं. त्यानं तसं त्यांना सांगितलं.

"थँक गॉड," म्हणत त्या रडायला लागल्या. "मी उचलला होता," एवढंच पुढे म्हणाल्या.

खरं काय ते मी अजून अवधूतलाही सांगितलेलं नाही.