बोटं काढू नका, मावशी

खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. पण वाळवंटातल्या तातावीन गावापलीकडच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात मब्रूका सुईणीसमोर भरदुपारी घडलं ते हे असं.

बाहेर वाळूचं वादळ. रस्ते बंद. मोठ्या इस्पितळाची गाडी येणं शक्यच नव्हतं.

रिबाहची पहिलीच खेप. कळा सोसून पोरगी पार गळून गेली होती, आणि आता बाळाचे ठोके मंदावत होते.

"सगळा जोर घशात घालवतेस, बये! ओरडून बाळ येतं होय?"

मब्रूकाने नेहमीसारखी दोन बोटं आत, खालच्या बाजूला टेकवली. "इथे. माझ्या बोटांना ढकल."

रिबाहने ढकललं.

"हां! अस्संच! अजून!"

जोर कुठे लावायचा ते पोरीला आता कळलं. डोकं खाली सरकलं. मब्रूकाच्या जिवात जीव आला. बोटं काढून, हातमोजे बदलायला ती टेबलाकडे वळली.

मागून रिबाह धापा टाकत म्हणाली, "बोटं काढू नका, मावशी... अशीच ठेवा..."

मब्रूका थिजली.

तिचे दोन्ही हात तिच्या डोळ्यांसमोर होते...

खोलीत तिसरं कुणीच नव्हतं. रिबाहची सासू बाहेर जपमाळ ओढत बसली होती.

तरी रिबाह अगदी बरोबर जागी जोर लावत होती.

मब्रूका धावली. मुलगा झाला. रडला. वारही पडली.

पण रिबाह थांबेना...

"अगं, झालं! आता कशाला ढकलतेस?"

"त्या बाई 'अजून, अजून' म्हणतायत..."

चादर लाल होत चालली. मब्रूका एका हाताने तिचं पोट चोळू लागली, दुसऱ्याने तिची हनुवटी धरली. "माझ्याकडे बघ! फक्त माझं ऐक. बस!"

"बोटं निघत नाहीत, मावशी..."

मब्रूका घाबरली होती, पण तितकीच चिडलीही होती. पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या रिकाम्या जागेवर ती खेकसली, "बाई, तू जी कोण असशील... उपकार झाले तुझे. पण आता सोड पोरीला!"

रिबाहचं अंग सैल पडलं. हळूहळू रक्त थांबलं.

खोलीत आपण दोघीच होतो, हे मब्रूकाने तिला सांगितलंच नाही.

आता रिबाहला पुन्हा दिवस गेलेत. परवा बाजारात भेटली, मुलगा कडेवर.

"मावशी, यावेळीही त्या दुसऱ्या बाईंना बोलवा हं. तुमच्यापेक्षा छान सांगतात त्या!"

आणि मब्रूकाच्या तोंडून सवयीने होकार निघून गेला...

"इन्शाल्ला."

तेव्हापासून तिची झोप उडालीय.