ॲलेकचा उजवा बूट

उपासनाने प्लंबर बोलावला तो गळक्या पाइपासाठी. न्यू जर्सीतलं सुताच्या गिरण्यांचं ते जुनं गाव, घरही गिरण्यांच्या काळातलं. कुठे ना कुठे गळायचंच. प्लंबरने धुराड्याशेजारची भिंत फोडली, आत हात घातला आणि पाइपाच्या आधी एक बूट बाहेर काढला.

उजव्या पायाचा. घोट्याच्या वर येणारा, लाकडासारखा कडक झालेला, तळाला चामड्याचे गोल ठोकळे ठोकलेले. भोक उद्या बुजवतो म्हणून प्लंबर निघून गेला.

दिवाणखान्यात बुद्धमूर्ती, वर बाबासाहेबांची तसबीर. तिथे कुणा परक्याचा बूट कसा ठेवायचा? आपल्याकडची कुठलीही बाई करील तेच उपासनाने केलं. बूट पुसला आणि दाराशी, दादारावांच्या बुटांशेजारी ठेवून दिला.

दादाराव, तिचे यजमान, मार्चमध्ये गेले. संध्याकाळचा फेरफटका मारून आले, दारात बूट काढले, सोफ्यावर टेकले ते उठलेच नाहीत. बूट अजून तसेच होते, टोकं घराकडे. दाराशी बूट म्हणजे माणूस घरात, इतका साधा तिचा हिशेब. तो तिने कुणाला सांगितला नव्हता, पण लेकीला कळायचा तो कळलाच होता.

"आई, बाबांचे शूज डोनेट कर ना, प्लीज," प्रीता पार पश्चिम किनाऱ्याकडच्या बॉथेलहून फोनवर म्हणायची. "हाउस सेल कर, इकडे ये. यू कान्ट लिव्ह लाइक धिस."

"बघते गं," म्हणून उपासना विषय बदलायची.

दुपारी शेजारच्या एलस्पेथबाई केक घेऊन आल्या. नव्वदीच्या, आईबाप स्कॉटलंडहून आलेले. दाराशी ठेवलेला बूट पाहून त्या पायरीवरच बसल्या.

"हा ॲलेकचा. माझी आई सांगायची. स्कॉटलंडमधून आला तेव्हा विशीतला पोरगा. आठवडाभर गिरणीत काम, शनिवारी गिरणीच्या फुटबॉल टीमचा सेंटर फॉरवर्ड. याच घरात राहायचा. गोल केला की लोक खांद्यावर बसवून इथवर आणायचे. मग एका मॅचमध्ये गुडघा गेला. गिरणीने आधी टीममधून काढलं, मग कामावरून. तो आपला एकच घोकायचा, पेनसिल्व्हेनियातली पोलादवाल्यांची टीम मला अजून घेईल, जातोच मी."

"मग गेला?"

"कसा जाणार? बायकोने, जीनने, बूट लपवला. पुन्हा खेळला तर पाय कायमचा जाईल म्हणून… आणि हा दूर जाईल म्हणूनही. घर राखायला भिंतीत बूट ठेवायची आमच्याकडे जुनी रीत, त्यामुळे गवंड्यालाही काही वाटलं नाही. ॲलेक शोधत राहिला. त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला. तरी शोधणं काही थांबलं नाही. जीनला रोज ऐकू यायचं… एक पाऊल बुटाचं, एक अनवाणी."

"माणसाला असं अडकवून ठेवायचं?" उपासना कळवळली. "काय बाई तरी!"

एलस्पेथबाईंनी शेजारच्या दुसऱ्या जोडाकडे पाहिलं आणि केक कापायला घेतला.

उपासनाचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. नागपूरला वडिलांनी ती भीती लहानपणीच घराबाहेर काढली होती. पण नोव्हेंबरात पाचलाच अंधारून येतं. ती दिवा लावायला उठली आणि जिन्यावर टक् झालं. मग काहीतरी मऊ. पुन्हा टक्. पुन्हा मऊ. ओल्या मातीचा आणि चामड्याचा वास खाली उतरत आला आणि तिच्या पाठीशी थांबला.

तिला भीतीहून जास्त वाईट वाटलं. केवढासा तो पोरगा! तिने दार उघडलं, बूट बाहेर पायरीवर ठेवला, टोक रस्त्याकडे करून.

"जा, बाळा…" ती कुजबुजली. "मॅच असेल तुझी."

एक गारवा तिला घासून बाहेर गेला. थोड्या वेळाने फुटपाथवर पावलं वाजली. टक्, टक्, टक्, टक्… दोन्ही सारखी, दोन्ही धावणारी. पायरी रिकामी होती. उपासना कितीतरी दिवसांनी पोटभर रडली.

डोळे पुसून ती आत वळली. दादारावांच्या बुटांची टोकं दाराकडे झाली होती. नाड्या सैल केलेल्या. तिने एकात हात घातला. आतून बूट उबदार होता.

"नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही नाही… एवढ्यात नाही."

दुसऱ्या दिवशी प्लंबर यायच्या आधीच तिने त्यांचा उजवा बूट त्यांच्याच मफलरमध्ये गुंडाळून भोकात खोल सारला. प्लंबर आला तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी होती. "पक्कं बुजवा," एवढंच बोलली.

पाच वाजले. तिने दिवा लावला नाही. तिला लाज वाटत होती, आणि ती वाटही पाहत होती. जिन्यावर पाऊल वाजलं. एक बुटाचं… एक अनवाणी.

मग वरची कपाटं उघडायला लागली. एकेक करून, अगदी हळू, तिची झोप मोडू नये म्हणून दादाराव उघडायचे तशी.